नोटिशीवर सही कोणाची, अधिकार कोणाचा? महापालिकेतील अधिकार प्रदान तपासून विधिमंडळापर्यंत कसे न्यावे

महापालिकेची नोटीस येते, खाली सहाय्यक आयुक्ताची किंवा एखाद्या उपअभियंत्याची सही असते. कायद्यात मात्र त्या कलमापुढे ‘आयुक्त’ असा शब्द असतो. हा अधिकार त्या अधिकाऱ्याकडे कसा आला, म्हणजे त्याला तो रीतसर सोपवला गेला (अधिकार प्रदान झाले) का, हे फार कमी लोक तपासतात. जे तपासतात त्यांतले बरेच जण उलट्या क्रमाने जातात: आधी आमदारांना निवेदन, मग बातमी, आणि शेवटी माहितीचा अर्ज. आदेशाची प्रत हातात नसल्यामुळे सभागृहात ‘हे खरे नाही’ एवढ्या उत्तरावर विषय संपतो.

प्रभागात काम करणारे कार्यकर्ते, सोसायट्यांचे पदाधिकारी, नवे नगरसेवक आणि आमदारांच्या कार्यालयात टिपणे तयार करणारे यांच्यासाठी ही पद्धत क्रमवार दिली आहे. क्रम बदलू नका. प्रत्येक टप्प्याचा कागद पुढच्या टप्प्याला लागतो.

सावधान: नोटिशीला उत्तर देण्याची किंवा अपिलाची मुदत या तपासणीसाठी थांबत नाही. मुदतीत लेखी उत्तर द्या आणि त्यात ‘सही करणाऱ्या अधिकाऱ्यास प्रदान केलेल्या अधिकाराच्या आदेशाची प्रत मिळावी, त्याबाबतचा आक्षेप राखून ठेवला आहे’ एवढे वाक्य घाला. पुढे न्यायालयात गेलात, तर हा मुद्दा पहिल्याच संधीला घेतला होता हे त्यावरून दिसेल.

## तयारी: कोणते कागद, कोणता कायदा

नोटिशीच्या दोन्ही बाजूंची प्रत काढा. त्यावरून पाच गोष्टी एका कागदावर उतरवा: जावक क्रमांक, दिनांक, सही करणाऱ्याचे पदनाम (नाव नव्हे), कार्यालय आणि उल्लेखलेली सगळी कलमे. ‘करिता’ लिहून दुसऱ्याच कोणी सही केली असेल तर ते वेगळे नोंदवा. तो स्वतंत्र मुद्दा आहे.

मग कायदा ठरवा. बृहन्मुंबईसाठी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८. राज्यातल्या बाकी महापालिकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी १९६५ चा अधिनियम, जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांसाठी १९६१ चा. बांधकामाचा विषय असेल तर यांच्या जोडीला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ येतो. बोलीभाषेत त्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. खाली मुख्यतः महापालिकांची पद्धत दिली आहे.

अधिनियमाची अद्ययावत प्रत घ्या. १९४९ च्या कायद्याच्या ‘मुंबई प्रांतिक महानगरपालिका’ या जुन्या नावाच्या छापील प्रती अजून फिरत असतात. त्यांत नंतरच्या दुरुस्त्या नाहीत, आणि नेमक्या बांधकामाच्या कलमांत मोठे बदल झालेले आहेत.

## टप्पा १: मूळ अधिकार कोणाचा ते कलमातून ठरवा

नोटिशीतले कलम शब्दशः वाचा आणि कर्ता शोधा. कर्ता सहसा चौघांपैकी एक असतो: महानगरपालिका (म्हणजे सर्वसाधारण सभा), स्थायी समिती, आयुक्त किंवा पदनिर्देशित अधिकारी.

महापालिका आणि आयुक्त हे कायद्याच्या दृष्टीने वेगळे आहेत. बोलताना आपण दोघांनाही ‘महापालिका’ म्हणतो आणि तिथेच पहिली चूक होते. सभेचा अधिकार आयुक्तांनी खाली सोपवला, असा आक्षेप घेताना तो अधिकार मुळात सभेचाच होता याची खात्री हवी. १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये या प्राधिकरणांची कामे वाटून दिली आहेत. ते कलम आधी वाचा.

‘पदनिर्देशित अधिकारी’ हा शब्द अनधिकृत बांधकामाच्या कलमांत येतो, उदाहरणार्थ कलम २६०, २६७ आणि ४७८. तिथे आयुक्तांनी सामान्य आदेशाने अधिकार सोपवला की नाही, हा प्रश्नच येत नाही. त्या पदावर नेमणूक करणारी अधिसूचना आहे का आणि तिच्यात हा प्रभाग येतो का, हे पाहावे लागते. अशा नोटिशीविरुद्ध दिवाणी दाव्याला कलम ४३३अ आडवे येते. म्हणून बांधकामाच्या प्रकरणात वकिलांचा सल्ला या टप्प्यावरच घ्या.

## टप्पा २: सोपवण्याची परवानगी कायद्यात कुठे आहे

कायद्याने परवानगी दिली असेल तरच अधिकार खाली सोपवता येतो. ती परवानगी देणारे कलम शोधा.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात ते कलम ६९ आहे. आयुक्त आपले अधिकार, कर्तव्ये व कामे लेखी आदेशाने कोणत्याही महापालिका अधिकाऱ्याला सोपवू शकतात. तो अधिकारी आयुक्तांच्या नियंत्रणाखाली काम करतो आणि त्याचा निर्णय आयुक्त बदलू शकतात. पण पोटकलम (२) मध्ये कलमांची एक यादी आहे. त्या यादीतला अधिकार सोपवायचा असेल तर स्थायी समितीची पूर्व मान्यता लागते. नंतर घेतलेली मान्यता या शब्दात बसत नाही.

मुंबईत रचना वेगळी आहे. १८८८ च्या अधिनियमाच्या कलम ६८ मध्ये जे अधिकार सोपवता येतात त्यांचीच यादी दिली आहे. म्हणजे मुंबईत आपले कलम यादीत आहे का हे पाहायचे. इतर महापालिकांत ते पूर्वमान्यतेच्या यादीत आहे का हे पाहायचे. पुण्याचा मसुदा मुंबईत उचलून वापरला की हा फरक हमखास सुटतो.

एमआरटीपीत कलम १५१ आणि १५२ पाहा. कलम १५२ मुळे नियोजन प्राधिकरणाचे ठरावीक कलमांखालचे अधिकार महापालिकेत आयुक्त किंवा त्यांनी त्यासाठी नेमलेला अधिकारी वापरतो. कलम १५१ खाली प्राधिकरण ठरावाने अधिकार सोपवू शकते. विकास योजना तयार करणे आणि विनियम करणे हे मात्र सोपवता येत नाही.

तपासणी: नोटिशीत दोन कायद्यांची कलमे एकत्र आहेत का? ‘एमआरटीपी ५३ आणि महानगरपालिका अधिनियम २६०’ अशी जोड नोटीस सर्रास दिसते. अशा वेळी दोन्ही कायद्यांखालचे दोन वेगळे आधार हवेत. कलम ६९ चा आदेश दाखवून एमआरटीपीचा अधिकार सिद्ध होत नाही. अनुभवी मंडळीही इथे एकच आदेश मागून थांबतात.

## टप्पा ३: आदेश मिळवा

आधी महापालिकेच्या संकेतस्थळावर शोधा. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ४(१)(ख) खाली सतरा बाबी स्वतःहून प्रसिद्ध करायच्या असतात आणि त्यांतली दुसरी बाब ‘अधिकारी व कर्मचाऱ्यांचे अधिकार व कर्तव्ये’ हीच आहे. बऱ्याचदा तिथे फक्त कामाचे वर्णन सापडते, आदेश क्रमांक नसतो. तरी ते पान दिनांकासह जतन करा. महापालिकेने स्वतः काय जाहीर केले होते याचा तो पुरावा आहे.

मग अर्ज. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांपर्यंत असावा लागतो. शुल्क १० रुपये, प्रतींसाठी पानामागे २ रुपये. ‘या अधिकाऱ्याला नोटीस काढण्याचा अधिकार कोणी दिला?’ असे विचारू नका. प्रश्नार्थक अर्जाला ‘खुलासा मागितला आहे, माहिती नव्हे’ असे उत्तर मिळते आणि महिना वाया जातो. कागद मागा:

> विषय: जा. क्र. ____, दि. ____ च्या नोटिशीशी संबंधित अधिकार प्रदान.
> पुढील अभिलेखांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात:
> १) कलम ६९ (मुंबईत कलम ६८) खाली ____ या पदास कलम ____ चे अधिकार प्रदान करणारा, वरील दिनांकास अमलात असलेला आदेश, परिशिष्टांसह.
> २) त्या आदेशास स्थायी समितीने दिलेल्या मान्यतेचा ठराव व त्यासाठीचा प्रस्ताव.
> ३) त्या आदेशात नंतर बदल करणारे अथवा तो रद्द करणारे आदेश.
> ४) वरील दिनांकास त्या पदावर कार्यरत अधिकाऱ्याचा पदस्थापना अथवा अतिरिक्त कार्यभाराचा आदेश.
> आदेश अभिलेखात नसल्यास तसे लेखी कळवावे.

शेवटची ओळ गाळू नका. ‘आदेश उपलब्ध नाही’ हे लेखी उत्तर काही वेळा आदेशापेक्षाही उपयोगी ठरते. पदनिर्देशित अधिकाऱ्याचे प्रकरण असेल तर पहिल्या मुद्द्यात अधिसूचना मागा. एमआरटीपीसाठी वेगळा अर्ज करा.

अर्ज सामान्य प्रशासन किंवा आस्थापना विभागाच्या माहिती अधिकाऱ्याकडे द्या. प्रभाग कार्यालयात दिला तर तो बहुधा पुढे पाठवला जातो आणि दिवस जातात. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, शुल्क २० रुपये. दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे.

## टप्पा ४: आदेश वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आदेश हातात आला की लोक फक्त तो आहे की नाही एवढे पाहतात. असलेला आदेशही पुरेसा नसू शकतो.

कलमाचा उल्लेख. ‘प्रभागातील सर्व कामांचे अधिकार देण्यात येत आहेत’ असे ढोबळ वाक्य आणि ‘कलम २३१ खालील अधिकार’ असा नेमका उल्लेख यांत फरक आहे. कलम ६९ सर्वसाधारण आदेशालाही मुभा देते, म्हणून ढोबळ आदेश आपोआप बाद होत नाही. पण पूर्वमान्यतेच्या यादीतले कलम अशा वाक्यात दडलेले असेल तर मान्यतेच्या ठरावात त्याचा उल्लेख शोधा.

आर्थिक अधिकारांशी गल्लत. अमुक लाखांपर्यंतच्या खर्चाला मंजुरी देण्याचे आदेश वेगळे असतात. माहिती अधिकारी अनेकदा हाच तक्ता पाठवतात. त्यातून नोटीस काढण्याचा किंवा सुनावणी घेण्याचा अधिकार सिद्ध होत नाही.

पद आणि माणूस. आदेश पदाला असेल तर बदली झाली तरी तो चालतो. व्यक्तीच्या नावाने असेल तर तिच्या जागी आलेल्याला तो लागू होत नाही. अतिरिक्त कार्यभाराच्या आदेशात सगळी कर्तव्ये दिली आहेत की फक्त दैनंदिन कामकाज, हे शब्द तपासा.

दिनांक. एक रेषा आखा. तिच्यावर स्थायी समितीची मान्यता, अधिकार प्रदानाचा आदेश, अधिकाऱ्याची पदस्थापना आणि नोटीस या चार तारखा मांडा. त्या याच क्रमाने आल्या पाहिजेत. फक्त पदस्थापना आदेशाच्या आधीची चालते.

प्रशासकाचा काळ. २०२२ नंतर अनेक महापालिकांवर प्रशासक होते. मुंबईच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. अशा काळात आयुक्तच प्रशासक असतात, म्हणजे मान्यता मागणारे आणि देणारे एकच. तरी कागद दोन हवेत: स्थायी समितीचे अधिकार वापरून केलेला प्रशासक ठराव आणि त्यानंतर आयुक्त म्हणून काढलेला आदेश. ठरावाचा क्रमांकच नसेल तर तो मुद्दा ठळक लिहा. नगरसेवक नसताना या मान्यतेवर बाहेरचा डोळा नव्हता, म्हणून या काळातले आदेश विधिमंडळाने पाहण्याची गरज सर्वात जास्त आहे.

पुढे सोपवलेला अधिकार. आयुक्तांनी उपायुक्ताला दिला, उपायुक्ताने कार्यालयीन आदेश काढून सहाय्यक आयुक्ताला दिला, अशी साखळी दिसली तर थांबा. ज्याला अधिकार सोपवला आहे त्याला तो स्वतःहून पुढे सोपवता येत नाही. त्यासाठी कायद्यातच आधार लागतो. ए. के. रॉय प्रकरणात (१९८६) अन्नभेसळ कायद्याखाली राज्य सरकारने दिलेला अधिकार संबंधित प्राधिकाऱ्याने अन्न निरीक्षकांकडे पुढे सोपवला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो अवैध ठरवला. साहनी सिल्क मिल्स प्रकरणात (१९९४) कर्मचारी राज्य विमा महामंडळाबाबत न्यायालयाची भूमिका तीच राहिली.

ऐकले कोणी, ठरवले कोणी. सुनावणी एकाने घेतली आणि आदेश दुसऱ्याने दिला तर अधिकार प्रदान निर्दोष असूनही निर्णय अडचणीत येतो. आंध्रातील रस्ते वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाच्या प्रकरणात (गुल्लापल्ली नागेश्वर राव, १९५९) सचिवांनी हरकती ऐकल्या आणि मुख्यमंत्र्यांनी निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाला ते मान्य झाले नाही. हजेरीपत्रकाची प्रत मागून घ्या.

सावधान: अधिकाऱ्याच्या नेमणुकीतला दोष आणि अधिकार प्रदानातला दोष एक नव्हे. पद वैध आहे पण त्यावरील व्यक्तीची नेमणूक पुढे सदोष ठरली, तर तिने दरम्यान केलेली कामे सहसा टिकतात (गोकराजू रंगराजू, १९८१). ‘बढतीच बेकायदा होती’ या मुद्द्यावर नोटीस पाडण्याचा प्रयत्न वेळ खातो.

### खासगी एजन्सी असेल तर

कलम ६९ ‘महापालिका अधिकारी’ म्हणते. कंत्राटदार त्यात बसत नाही. मालमत्तेची मोजणी, सर्वेक्षण, बिलांचे वाटप ही कामे एजन्सी करू शकते. करआकारणी ठरवणे, हरकतीवर निर्णय देणे हे अधिकाऱ्याने स्वतः डोके लावून करायचे काम आहे. एजन्सीचा तक्ता आणि अंतिम आकारणी यांत एकाही नोंदीत फरक नसेल, आणि हरकतींवरचे सगळे आदेश एकाच छापाचे असतील, तर अधिकाऱ्याने फक्त शिक्का मारला असे मांडता येते. त्यासाठी करारातील कामाच्या व्याप्तीचे परिशिष्ट आणि किमान दहा-पंधरा हरकतींवरचे आदेश जमवा. एका आदेशावरून पद्धत सिद्ध होत नाही.

## टप्पा ५: आधी आयुक्त, मग नगर विकास विभाग

सापडलेला दोष एका पानात लिहून आयुक्तांना द्या आणि पोच घ्या. नगरसेवकामार्फत सभेत प्रश्न टाका. उत्तरासाठी वाजवी वेळ द्या, मग नगर विकास विभागाच्या प्रधान सचिवांना लिहा. बेकायदा ठराव किंवा आदेश निलंबित अथवा विखंडित (रद्द) करण्याचा अधिकार शासनाला १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४५१ खाली आहे, तेव्हा तशी स्पष्ट मागणी करा. नगरपरिषदेत हेच काम १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे सुरू होते.

हा टप्पा गाळून थेट विधिमंडळात गेलात तर विषय ‘स्थानिक संस्थेच्या अखत्यारीतला’ म्हणून बाजूला पडतो. विभागाकडे तक्रार पोचली आणि विभागाने काही केले नाही, इथून राज्य शासनाची जबाबदारी सुरू होते. विधिमंडळ जाब विचारते तो याच जबाबदारीचा.

## टप्पा ६: विधिमंडळातले योग्य दार

तारांकित प्रश्न (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो) व लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी). शासनाच्या कृती-अकृतीसाठी.

विनंती अर्ज समिती. अनेक नागरिकांना लागू होणाऱ्या पद्धतीबद्दल. अर्ज सदस्यामार्फत सादर होतो.

उपविधान समिती. शासनाने कायद्याखाली केलेले नियम व अधिसूचना पाहते. आयुक्तांचा एखादा आदेश तिच्याकडे नेऊ नका. दोष शासनाच्या नियमातच असेल तर हे दार.

लोकलेखा समिती. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात त्या महापालिकेचा परिच्छेद असेल तरच. अहवालाचे वर्ष व परिच्छेद क्रमांक द्या.

पंचायती राज समिती. जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांसाठी. महापालिकेचा विषय इथे चालत नाही.

विधानसभेत २८८ सदस्य आहेत, विधान परिषदेत ७८. परिषदेतल्या २२ जागा स्थानिक प्राधिकारी संस्था मतदारसंघाच्या आहेत. तुमच्या भागातून तिथे सदस्य असतील तर त्यांनाही भेटा. हा विषय त्यांच्या मतदारांचा आहे. अधिवेशनाची तारीख जाहीर होण्याची वाट पाहू नका, प्रश्न त्याच्या बरेच आधी द्यावे लागतात.

सदस्यांना देण्याचे टिपण एका पानाचे ठेवा, मागे जास्तीत जास्त सहा जोडपत्रे. प्रश्नाचा मसुदा विधिमंडळाच्या घाटात लिहून दिला तर काम सोपे होते:

> (१) ____ महानगरपालिकेत कलम ____ खालील अधिकार स्थायी समितीच्या पूर्वमान्यतेशिवाय ____ या पदास दिनांक ____ च्या आदेशान्वये प्रदान करण्यात आले, हे खरे आहे काय;
> (२) असल्यास, याबाबत दिनांक ____ रोजी शासनाकडे निवेदन प्राप्त झाले, हे खरे आहे काय;
> (३) असल्यास, शासनाने कलम ४५१ अन्वये कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
> (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

तपासणी: पहिल्या उपप्रश्नात एकही विशेषण नको. ‘मनमानीपणे’ हा एक शब्द आला की ‘हे खरे नाही’ म्हणणे सोपे जाते. क्रमांक आणि दिनांक असतील तर तसे म्हणता येत नाही.

सावधान: तुमची नोटीस न्यायालयात असेल तर ती प्रश्नात आणू नका. न्यायप्रविष्ट म्हणून अख्खा प्रश्न नाकारला जाईल. त्या पदाला अधिकार देणाऱ्या आदेशाबद्दल विचारा आणि स्वतःचे प्रकरण बाहेर ठेवा.

## टप्पा ७: उत्तर आल्यावर

‘अंशतः खरे आहे’ असे उत्तर आले तर कोणता अंश, हे आपल्या चार तारखांच्या रेषेशी ताडून पाहा. ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे उत्तर कोणत्या उपप्रश्नाला दिले आहे ते बघा. पहिल्याला होकार देऊन तिसऱ्याला असे म्हटले असेल तर त्या उत्तरावर अर्धा तास चर्चेची सूचना सदस्यांना देता येते. ‘तपासून उचित कार्यवाही करण्यात येईल’ असे मंत्र्यांनी सभागृहात म्हटले तर ते आश्वासन आहे. कामकाजाचा दिनांक आणि प्रश्न क्रमांक टिपून सदस्यांमार्फत आश्वासन समितीकडे पाठपुरावा करा.

या काळात महापालिका बहुधा नवा, दुरुस्त आदेश काढते. त्याची प्रत लगेच मागवा आणि ‘अमुक दिनांकापासून अमलात येईल’ ही ओळ वाचा. मागची तारीख घालून जुन्या नोटिशी वाचवण्याचा प्रयत्न असेल तर पुढचा उपप्रश्न त्यावरच विचारा: पूर्वलक्षी परिणाम देण्याचा अधिकार कोणत्या कलमाखाली वापरला, आणि जुन्या आदेशाखाली त्या पदाने किती नोटिसा काढल्या. त्या संख्येसाठी प्रभागाच्या जावक नोंदवहीची पाहणी माहितीच्या अधिकारात आधीच करून ठेवा.